बांधावरचं लोकेशन

परळीकडे जाऊन आलो म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, वैद्यनाथाचं दर्शन घेतलं का? नाही घेतलं. त्या दिवशी मुलीला सोबत घेऊन मी दोन वेळा पोटभर जेवलो, आणि ती दोन्ही जेवणं दुपारी बारा ते तीनच्या मधली होती. त्यातून देवदर्शनाला सवड कुठली? ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. रिकाम्या पोटी जा, आणि सोबत लहान मूल असेल तर ते काय सांगतंय ते ऐका.

आधी माझी ओळख. मी रोह्याचा. सरकारी नोकरीत जमिनी मोजतो. एका माणसाचं रान कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं हे दाखवून देणं, हे गेली पंधरा वर्षं माझं काम. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

माझी बायको सुवर्णा तलाठी म्हणून आमच्याकडे नोकरीला आली. ती मूळची धर्मापुरीच्या अलीकडच्या एका गावची. घर मेंढपाळाचं, जोडीला थोडं रान. नऊ वर्षांपूर्वी आमचं लग्न झालं तेव्हा तिचे वडील, म्हणजे आबा, आले नाहीत. माझी जात, माझं गाव आणि माझ्या ताटातले मासे, यांतलं काहीच त्यांना पसंत नव्हतं. पुढे ओजू झाली आणि त्यांचा राग निवळला, पण तो सुवर्णापुरता आणि ओजूपुरता. माझ्याशी ते बोलत नाहीत. म्हणजे माझ्याबद्दल बोलतात, अगदी माझ्यासमोर बोलतात. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागतो, मी त्याच पलंगावर बसलेला असतो, आणि आबा म्हणतात, "सुवर्णे, जावायला म्हन, केस लई वाढलेत." सुवर्णा माझ्याकडे वळून सांगते, "केस वाढलेत." मी म्हणतो, "कापतो." ती फोनमध्ये सांगते, "कापतो म्हणतायत." असा आमचा सासरे-जावयांचा संवाद. त्यातून आबा फोन असा धरतात की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ आणि वरचे पत्रे दिसतात. उद्या बाजारात ते माझ्या शेजारी उभे राहिले तरी मी त्यांना कपाळ पाहिल्याशिवाय ओळखणार नाही.

दर दिवाळीला मायलेकी माहेरी जातात. मी त्यांना परळीच्या स्टँडवर जीपमध्ये बसवून देतो आणि उलट्या गाडीनं परत येतो. आणि या वर्षी मार्गशीर्षात अचानक पत्र्याखालून आवाज आला, "सुवर्णे, औंदा येळवसला जावायलाबी घिऊन ये."

सुवर्णा रडायलाच लागली. मला आधी वाटलं गावाकडं कुणीतरी गेलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या कोकणात हा सण नाही, त्यामुळं मला तो सरकारी आदेशासारखा समजावून सांगण्यात आला. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे आपापल्या रानात जातात. रानात कडब्याची खोप करतात, तिला कोपी म्हणतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा होते, मग जेवण. सुवर्णा चार दिवस आधीच गेली, कारण त्या जेवणाची तयारी तीन-चार दिवस आधीपासून सुरू होते. ओजूचं शाळेचं गॅदरिंग होतं, त्यात ती झाड झाली होती, म्हणून ती माझ्यासोबत राहिली. जाताना सुवर्णानं मला दरवाज्यात उभं राहून बजावलं, "आबांनी नऊ वर्षांनी बोलावलंय. बारापर्यंत रानात पोच. पाव्हणा आल्याबिगर ते घास घेणार नाहीत. तिथं गेलास की गप बसायचं, सांगतील ते करायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. तुला फार प्रश्न असतात."

"आणि रान सापडायचं कसं? कुणी येईल का स्टेशनला?"

"लोकेशन पाठवते."

मी म्हणालो, लोकेशन पुरे. जमिनी मोजणाऱ्या माणसाला रान दाखवायला माणूस कशाला? तो अपमानच की!

परळी ते रान

सकाळी परळीला उतरलो. ओजूनं स्टेशनवर जाहीर केलं की तिला भूक नाही, आणि मग माझा वडापाव खाल्ला. धर्मापुरीकडच्या जीपमध्ये आम्ही चौदा माणसं, एक कोंबडा आणि डोक्यावर घ्यायची तीन मडकी होतो. आमच्याकडे डुगडुगी रिक्षात सहा जण बसले तरी लोक कुरकुर करतात. इथं ओजूला कुणीही न विचारता एका बाईनं मांडीवर घेतलं, केस विंचरून दिले आणि वर मलाच दम दिला, "पोरीच्या डोक्याला तेल न्हाई. आई कुटं हाय हिची?" मी म्हणालो, पुढे गेलीय. बाईला ते पटलं नाही.

रस्त्यात ओजूनं पाय बाहेर काढून हलवले आणि तिची एक चप्पल उडून मागच्या धुळीत गेली. जीपवाल्याला थांबवलं असतं, पण तो फोनवर बोलत होता आणि समोर बघत नव्हता, त्याला मागे बघायला सांगायचं मला धाडस झालं नाही. उतरल्यावर ओजू एका पायावर उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला उचल." सात वर्षांची मुलगी म्हणजे काही फूल नसतं. तिला खांद्यावर घेतलं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि निघालो.

खरं सांगतो, त्या वाटेनं जाताना मी सगळं विसरलो. आमच्याकडे हिवाळ्यात भाताची रिकामी खाचरं असतात, करडी आणि उदास. इथं एका बाजूला पुरुषभर उंच तूर, दुसरीकडे हरभरा, मध्येच पिवळी करडई, आणि दर रानात एक कडब्याची खोप. प्रत्येक खोपीतून माणसं हात करत होती, "या जेवाया! अवो पाव्हणं, या की!" ओळख ना पाळख. मी पहिल्या दोघांना नको म्हणालो तर ते रागावले. तिसऱ्याला मी फोन दाखवून सांगितलं की आम्हाला पुढं जायचंय. तो म्हणाला, "मग फोनला जाऊ द्या फुडं, तुमी बसा."

फोनवरची खूण एका बाभळीखाली होती. बाभूळ सापडली. ती दोन रानांच्या मधल्या बांधावर होती. डाव्या हाताला हरभरा आणि पलीकडे स्वच्छ दिसणारी कोपी, भोवती माणसं. उजवीकडे नुसती तूर, डोक्याच्या वर गेलेली. मी दोन सेकंद विचार केला आणि डावीकडे वळलो. तुरीत कोण बसणार?

खांद्यावरून ओजू म्हणाली, "बाबा, तिकडे झोका आहे. टायरचा."

"असेल."

"आबांच्या शेतात टायरचा झोका आहे. मी बसलेय."

"अगं, सगळ्यांच्या शेतात असतात टायर. हल नको, पडशील."

पहिलं रान

कोपीजवळ पासष्टीचे एक गृहस्थ उभे होते, मिशा पांढऱ्या, अंगात बंडी. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि ओरडले, "या या या! कावून उबारलाव तितं? पूजेला खोळंबलोय!" त्यांचं नाव बन्सीकाका हे मला मागून आलेल्या हाकेवरून कळलं. सुवर्णा दिसत नव्हती, आबा दिसत नव्हते. मी मनात म्हणालो, हे भावकीतले असणार, सुवर्णा मागून डोक्यावर मडकं घेऊन येत असेल, आणि आबा मला टाळायला मुद्दाम उशिरा येणार. नऊ वर्षांत त्यांना माझ्यासमोर यायची घाई कधी झाली होती? गप बसायचं, सांगतील ते करायचं. बसलो.

माझ्या नोकरीत कुठल्याही घरी गेलो की पहिला प्रश्न असतो, कुठले, कुणाचे, कशासाठी आलात. आमच्या रोह्यात तर ही चौकशी झाल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही. इथं कुणी नावही विचारलं नाही. बन्सीकाका म्हणाले, "पाव्हणं, नारळ तुमी फोडा." फोडला. त्यांच्या सूनबाईंनी माझ्या हातात आंबिलाचा तांब्या आणि एक डहाळी दिली. ज्वारीच्या पिठाचं ताकातलं हे आंबील पिकावर शिंपडत रानाच्या चारी कोपऱ्यांना जायचं असतं. म्हटलं, हा तर खास जावयाचा मान! आबांनी आधीच सांगून ठेवलं असणार. मला भरून आलं. पंधरा वर्षांत किती बांधांवरून चाललो, पण शिव्या न खाता प्रथमच.

चौथा कोपरा बाभळीपाशी होता. तिथं तुरीच्या कडेला पलीकडून एक उंच म्हातारा उभा होता, पांढरा फेटा कपाळावर ओढलेला. तो माझ्याकडं टक लावून बघत होता. मी हातातली डहाळी हलवून नमस्कार केला. त्यानं काहीच केलं नाही. मी थोडं आंबील त्याच्या बाजूच्या तुरीवरही शिंपडलं, म्हटलं सणाचा दिवस आहे. तो वळला आणि तुरीत शिरला. इकडचे काही लोक अबोल असतात, असं मी मनात नोंदवून घेतलं.

मग जेवण. हे नीट सांगितलं पाहिजे. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे कोवळे दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन असं सगळं एकत्र घोटून केलेली पातळ भाजी. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, शेंगदाण्याची पोळी, वांग्याचं भरीत, गव्हाची खीर आणि वर आंबील. पहिल्या घासाला मला वाटलं, मासे नसले तरी माणूस जगू शकतो. तिसऱ्या वाढपाला वाटलं, आता जगणार नाही.

ओजूनं आंबिलाचा वास घेतला आणि वाटी सरकवली. "मला नको."

बन्सीकाका तिच्यासमोर उकिडवे बसले. "आज येळवस हाय बाई. आज कुनी बोलावलं की जायाचं, वाढलं की खायाचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

"कुणालाच?"

"कुनालाच न्हाई."

"दुश्मनाला पण?"

काका थांबले. "त्यालाबी न्हाई," म्हणाले, आणि तिनं नाक दाबून वाटी संपवली.

हात धुतल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला. "आता सांगा पाव्हणं, काय करताव?"

"जमिनी मोजतो. सरकारी."

 सूनबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. काकांनी एकदा बाभळीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "मोजनीवाले? आन हितं कुनाकडं आलाव?"

"आबांकडे. मी त्यांचा रोह्याचा जावई. सुवर्णाचा नवरा."

"तरीच," काका म्हणाले. मग मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसले. "पाव्हणं, त्येंचं रान त्ये पल्याडचं. तुरीमागलं."

तेवढ्यात ओजू टाळ्या वाजवत ओरडली, "मी सांगितलं होतं! टायर!" आणि बांधावर, बाभळीखाली, कमरेवर हात ठेवून सुवर्णा उभी होती. तिचा चेहरा मी इथं वर्णन करत नाही.

मी धडपडत उठलो. मी निघताना काका हळूच म्हणाले, "बिगीबिगी जावा. त्यो उपाशी आसल. पाव्हणा आल्याबिगर घास घेत न्हाई, ल्हानपनापासून हेकट. आमी संगं मेंढरं चारलेली हाईत."

पलीकडचं रान

चाळीस पावलांचं अंतर होतं. तेवढ्यात सुवर्णानं मला सगळं ऐकवलं. त्या रानांत रेंज फक्त बाभळीखाली येते, म्हणून तिनं तिथं उभं राहून लोकेशन पाठवलं होतं. ते अगदी बरोबर होतं, चूक फक्त मोजणी खात्याची. आणि ती बाभूळ कुणाची यावरून आबा आणि बन्सीकाका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. "जगात एवढी रानं आहेत," ती म्हणाली, "आणि तुला बन्सीकाकांचंच मिळालं! तिथं पूजा केलीस? नारळ फोडलास? आबांनी तासाभरापूर्वी तुला पाहिलं. काही बोलले नाहीत. आत्ता मी विचारलं, पाव्हणे कसे आले नाहीत अजून, तर म्हणाले, आलेत, बन्सीच्या रानात आंबील शिंपडतेत. गेलं सगळं, गेलं! आता पुढची नऊ वर्षं बोलत नाहीत बघ."

दुसरं जेवण समोर होतं आणि पोटात जागा नव्हती.

टायरचा झोका होता. कोपी होती. फेटा कपाळावर ओढलेला तो अबोल म्हातारा कोपीसमोर बसला होता, समोर झाकलेली ताटं, सगळी गार. कपाळ झाकलेलं होतं, तरी हेच आबा हे मी आता ओळखलं. मी वाकून पाया पडलो. आबा तुरीकडं बघत म्हणाले, "सुवर्णे, जावायला म्हन, लोकाच्या रानाची पूजा झाली आसल तर आता घरच्या रानाचीबी करा."

मी घरच्या रानाची पूजा केली. दुसरा नारळ फोडला. चारी कोपऱ्यांना आंबील शिंपडलं आणि बाभळीपाशी आल्यावर मान वर केली नाही. मग बसलो आणि मुकाट्यानं दुसरं जेवण सुरू केलं. भज्जी, उंडे, पोळी, भरीत, खीर. सासूबाई वाढत होत्या आणि मी नाही म्हणत नव्हतो. आबा खाली बघून जेवत होते.  सुवर्णाचे डोळे भरलेले होते आणि ती ते मिरचीवर ढकलत होती.

ओजूनं एक उंडा खाल्ला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "आज कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं ना, आबा?"

"न्हाई बाळा."

ती झोक्याच्या टायरवर चढली, दोरीला धरून उभी राहिली आणि गळा काढला, "बन्सीआजोबाऽऽ! जेवायला याऽऽ!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सुवर्णा "अगं ए!" म्हणून धावली. आबांचा घास हवेतच राहिला.  ओजू पुन्हा ओरडली, "तुम्हीच म्हणालात ना! नाही म्हणायचं नाही!"

बराच वेळ गेला. मग तुरीतून बंडी घालून बन्सीकाका आले, रस्त्यावरच्या खड्ड्यातून चालल्यासारखे. कुणाकडं न बघता कोपीच्या दुसऱ्या टोकाला बसले, आबांकडं पाठ करून. "पोरीनं बोलावलं," ते आभाळाला म्हणाले. सासूबाईंनी घाईघाईनं ताट वाढलं आणि पाण्याचं निमित्त करून विहिरीकडं गेल्या. सुवर्णाही त्यांच्यामागं गेली. ओजूला एक कोकरू दिसलं, ती त्याच्यामागं पळाली. कोपीपाशी उरलो आम्ही तिघं: पाठमोरे बन्सीकाका, जमिनीकडं बघणारे आबा आणि मधे मी, दुसऱ्या खिरीची वाटी हातात घेऊन.

काकांच्या ताटातली भज्जी संपली. आबांना ती संपलेली दिसत होती. पाव्हण्याचं ताट रिकामं आणि यजमान बोलू शकत नाही, असा तो प्रसंग. आबांनी विहिरीकडं पाहिलं. ओजूकडं पाहिलं. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"जावायबापू," ते म्हणाले.

मला वाटलं मागं कुणी उभं आहे. मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"जावायबापू, त्याला सांगा, भज्जी घे म्हनावं."

काका तीन हातांवर होते. मी म्हणालो, "काका, भज्जी घ्या म्हणतायत."

"पाव्हणं, त्याला म्हना, वाढा म्हनावं."

मी वाढली. 

"जावायबापू, त्याला इचारा, मीठ बरूबर हाय का."

"पाव्हणं, त्याला सांगा, वयनींच्या हातचं हाय म्हनून खातोय."

असं बराच वेळ चाललं. मीठ झालं, खीर झाली, कुणाच्या मेंढ्यांनी कुणाच्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या तेही झालं. मग आबांचा आवाज चढला. "जावायबापू, त्याला सांगा, आमचा जावाय मोजनीवाला हाय म्हनावं. एका दिसात बांध सरळ करून देतो!"

मी सांगायच्या आतच काकांनी मान वळवली. "पाव्हणं, त्याला इचारा, ज्याला सासऱ्याचं रान घावलं न्हाई, त्याला बांध काय घावनार?"

 मग आबांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं ठसका लागला. आबा हसत होते. फेटा मागं सरकला, आणि मला ते कपाळ आणि त्याखालचा चेहरा पहिल्यांदा एकत्र दिसले. काकाही हसायला लागले. दोघं एकमेकांकडं न बघता, माझ्याकडं बोट दाखवून, डोळे पुसत हसत होते. विहिरीवरून बायका घागर टाकून पळत आल्या, काय झालं म्हणून. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच चुकीनं आयुष्यात दिला नव्हता.

बाभळीचा वाद मिटला का? नाही. ते दोघं अजूनही बोलत नाहीत. आम्ही रोह्याला परतलो तशी तिसऱ्या दिवशी माझ्या फोनची घंटी वाजली. पत्रे, कपाळ. "जावायबापू, त्याला सांगा, त्याची म्हैस आमच्या तुरीत शिरलीय." मी बांधापलीकडं बन्सीकाकांना फोन लावला. दहा मिनिटांनी इकडं उत्तर कळवलं. आता आठवड्यातून तीनदा तरी मला हे काम असतं. बांधाच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पोचवायचं, माझ्या नोकरीपेक्षा फार वेगळं नाही.

परवा संध्याकाळी पुन्हा घंटी वाजली. मी म्हणालो, "बोला आबा, काय सांगू काकांना?"

"काय न्हाई."  मग कपाळ वर सरकलं, डोळे दिसले. "जेवलाव का?"

सुवर्णानं सवयीनं फोनसाठी हात पुढं केला. मी म्हणालो, "थांब, मला आलाय."